मुलं मोठी झाली की घरचा नाताळ कसा करायचा: वसईतल्या एका आईकडून

थोरली चौदा वर्षांची झाली त्या वर्षी ती नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायला खाली आलीच नाही. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा धाकट्याला वर पाठवलं. "तुम्हीच करा, तुम्हांला पाहिजे तसा," एवढाच निरोप आला. मला राग आला. सणासुदीला हे काय वागणं, असं वाटलं. दोन दिवसांनी कारण लक्षात आलं. आदल्या वर्षी तिने संध्याकाळभर एकटीने बसून गोठा लावला होता. मेंढरं मुद्दाम लांब, टेकडीवर ठेवली होती, कारण मेंढपाळ त्या रात्री रानात कळप राखत होते असं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे. आणि ती झोपल्यावर मी ती सगळी मेंढरं उचलून गव्हाणीच्या पुढ्यात आणून मांडली होती. फोटोत बरं दिसावं म्हणून. सकाळी तिने बघितलं, पण बोलली काहीच नाही.

तेव्हापासून आमच्या घरचा नाताळ बदलला. ज्यांची मुलं आता बारा-तेराची होताहेत, आणि गेल्या वर्षीपर्यंत कंदिलासाठी नाचणारं पोर यंदा मोबाइलमधून मान वर काढत नाही म्हणून ज्यांना धसका बसलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला सांगायचंय ते एवढंच: या वयाच्या मुलांना सणातलं एखादं काम पूर्णपणे सोपवायचं, आणि एकदा सोपवलं की आपला हात काढून घ्यायचा. पुढे जे लिहिलंय ते हे प्रत्यक्षात कसं जमवायचं त्याबद्दल.

नोव्हेंबरातच एकदा एकत्र बसा

नाताळआधीच्या चार रविवारांचा तो आगमनकाळ. त्याचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार. त्याच्या आदल्या आठवड्यात, रात्रीच्या जेवणानंतर, अर्धा तास सगळ्यांनी बसायचं. वही आणि पेन मुलांच्या हातात द्या. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: नाताळात मला काय हवंच, काय नको, आणि कोणतं काम माझं. मोठ्यांनीसुद्धा सांगायचं, आजीनेसुद्धा.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, मुलं भेटवस्तूंची यादी सांगतील. धाकट्याने "हवंच"मध्ये सांगितलं ते पप्पांच्या मागे बसून घरोघरी ताटं पोचवायला जाणं. त्याला त्यात काय आवडतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. "नको"मध्ये दोघांनी एकच गोष्ट सांगितली: सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालून चर्चच्या पायऱ्यांवर फोटो. मी ती सोडून दिली. वाईट वाटलं, पण सोडली. "नको"तलं निदान एक तरी खरोखर सोडायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी ती वही कोणी हातात घेणार नाही.

याच बैठकीत शाळेचं वेळापत्रक समोर ठेवा. दहावी-बारावीची पूर्वपरीक्षा डिसेंबरच्या शेवटी नाहीतर जानेवारीत येते, आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत उभी असते. दहावीच्या मुलाला "यंदा नाताळ नाही, अभ्यास" असं सांगणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्या घरांतली मुलं त्या दिवसांत अभ्यास करतात असं काही मला दिसलेलं नाही. त्यापेक्षा २४ ची दुपार ते २५ ची रात्र पूर्ण मोकळी ठेवायची, २६ पासून पुन्हा पुस्तक. तारखा आधी ठरलेल्या असल्या की मुलगाही निवांत असतो आणि आपणही.

मेणबत्त्यांचं चक्र

हे काम लहान आहे, म्हणून सुरुवातीला बरं. हिरव्या डहाळ्यांचं वर्तुळ, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती. दर रविवारी एक जास्त पेटवायची. गुलाबी तिसऱ्या रविवारी, तो आनंदाचा रविवार. आमच्याकडे सुरूच्या डहाळ्या मिळतात, त्या नसतील तर आंब्याची पानंही चालतात. काडी मुलांनी ओढायची, प्रार्थनाही त्यांनीच म्हणायची, एका ओळीची असली तरी चालेल. सगळं दहा मिनिटांत संपवा. तेराव्या वर्षी दहा मिनिटं शांत बसता येतं, पाऊण तास नाही.

कंदील विकत आणू नका

दुकानात तयार तारा मिळतो, स्वस्त मिळतो, आणि पंधरा मिनिटांत टांगून होतो. तरी आणू नका. या वयाच्या मुलाच्या हाताला जमेल, पण सहजासहजी जमणार नाही, असं काम घरात क्वचितच असतं. कंदील हे तसं काम आहे.

बांबूच्या दहा सारख्या कामट्या घ्या, दोन-दोन फुटांच्या. शिवाय पाच छोट्या, पाच-पाच इंचांच्या. पाच लांब कामट्या घेऊन, पेन्सिल न उचलता आपण तारा काढतो तशा एकमेकींवर मांडायच्या. पाचही टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची, आणि मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागाही. असे दोन तारे झाले की एकावर एक ठेवून फक्त टोकांना टोकं बांधायची. आता मधल्या पाच छेदांच्या जागी छोट्या कामट्या उभ्या अडकवायच्या. पहिली बसते, दुसरी बसते, तिसरी बसवताना पहिली निसटते. इथे मुलगा चिडणार. चिडू द्या, हात पुढे करू नका. पाचवी अडकली की सपाट तारा एकदम फुगून उभा राहतो, आणि तो क्षण त्याचा असतो.

मग पतंगाचा कागद, मैद्याची खळ. एका बाजूची एक पाकळी उघडी ठेवायची, तिथून दिवा आत जातो. साधा पिवळा बल्ब घालू नका, कागद तापतो. पाच-सात वॅटचा एलईडी पुरे. वायर आणि होल्डरचं काम मोठ्या मुलांना शिकवायला ही चांगली संधी आहे, फक्त खटका बंद करून, आणि शेजारी मोठं माणूस उभं राहून.

आमचा पहिला कंदील एका बाजूला कलला होता. तो तसाच ओटीवर महिनाभर लटकला. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या पोराने केलाय." तो सरळ करावा असं माझ्या हाताला रोज वाटायचं, पण मेंढरं आठवायची.

गोठा

गोठा एकाच मुलाकडे द्या. दोघांना मिळून दिलात तर भांडण, आणि मग न्यायनिवाडा करायला तुम्हांला मध्ये पडावं लागतं. एका वर्षी एकाने, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने.

आधी करायचं काम एकच: नाचणी. १२-१३ डिसेंबरला रात्री भिजत घालायची, सकाळी उथळ ताटलीत ओल्या मातीवर दाट पसरायची, वर पातळ ओलं फडकं. मोड आले की फडकं काढायचं, रोज हाताने पाणी शिंपडायचं. दहा दिवसांत बोटभर हिरवं गवत येतं, आणि कुठलाही रंगवलेला भुसा त्याची बरोबरी करत नाही. पेंढा वाडीत मिळतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी फळवाल्याला सांगून ठेवावं, पेटीतला पेंढा तो देतो.

कल्पना त्यांचीच असू द्या. इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने १२२३ साली नाताळचा देखावा मांडला तो खऱ्या बैलासह आणि गाढवासह, तिथल्याच एका गुहेत. म्हणजे गोठा बेथलेहेमसारखाच दिसला पाहिजे असा हट्ट तेव्हापासूनच नाही. मुलीने एका वर्षी येशूला केळीच्या वाडीत ठेवलं, मागे बावखल, म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आणि बावखलाच्या पलीकडे पुठ्ठ्याचे उंच टॉवर. वसईत राहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "टॉवर कशाला गं नाताळात?" ती म्हणाली, "काकी, खिडकीतून तेच दिसतात." मी गप्प बसले, आणि गप्प बसले याचं मला आजही बरं वाटतं.

बाळाची मूर्ती नाताळच्या रात्री चर्चमधल्या मिस्सानंतरच, म्हणजे उपासनेनंतरच, ठेवायची, तोवर गव्हाणी रिकामी. हा नियम मात्र आमच्याकडे कोणीही मोडत नाही.

फराळ, म्हणजे कुलकुल आणि फुगे

सगळं करायला जाऊ नका. दोन पदार्थ मुलांबरोबर, बाकीचे तुम्ही करा नाहीतर विकत आणा. केक बेकरीतून आणला तर कोणाचा सण अडत नाही.

कुलकुल मुलांसाठीच आहेत, कारण बसून गप्पा मारत करता येतात. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, दोन मोठे चमचे कडकडीत तूप. नारळाच्या दाट दुधात घट्ट मळायचं आणि तासभर झाकून ठेवायचं. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळत सोडवायची. शिंपल्यासारखी वळी दिसते. मंद आचेवर तळायचे, घाई केली तर आतून कच्चे राहतात. अर्ध्या किलोचे कुलकुल वळायला चार हातांना दीड-दोन तास लागतात. त्या दोन तासांसाठीच हा खटाटोप. हात गुंतलेले, नजर ताटावर, समोरासमोर बघायची सक्ती नाही. अशा वेळी मुलं शाळेतलं, मैत्रिणींचं, मनात सलणारं असं काय काय बोलून जातात. आपण फक्त वळत राहायचं आणि सल्ला द्यायचा नाही.

फुगे थोडे अवघड. मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर, मीठ. पूर्वी ताडीने आंबवायचे, आता यीस्टने. पीठ सैल असतं, दोन-तीन तासांत दुप्पट होतं. डावा हात पाण्यात बुडवून पिठाची मूठ घ्यायची आणि आवळायची. अंगठा आणि तर्जनीच्या मधून फुगा वर येतो. तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून थेट तेलात. आमच्या आजीचे फुगे चेंडूसारखे गोल होतात, माझ्या मुलीचे शेपटीवाले. आजी तिला शिकवते, मी त्या दोघींच्या मध्ये जात नाही. तेलाजवळ मात्र मोठं माणूस हवंच, आणि सुती कपडे.

ताटांचं एक सांगते. ज्या शेजाऱ्यांकडून दिवाळीचा फराळ आला, त्या प्रत्येक घरी नाताळचं ताट जातं. यादी आणि वाटप मुलांकडे द्या. कोणत्या घरी अंडं चालत नाही हे त्यांनाच लक्षात ठेवायला लावा. वर दिलेल्या कुलकुलांत अंडं नाही, तेव्हा ते निर्धास्त पाठवता येतात. चौदा वर्षांचा मुलगा जोशीकाकूंच्या दारात उभा राहून "काकू, केकमध्ये अंडं आहे म्हणून तुमच्या ताटात नाही ठेवला" असं स्वतः सांगतो, तेव्हा तो शेजारधर्म शिकलेला असतो.

मिस्सा

सगळ्यांत जास्त घरं इथे अडतात, म्हणून यावर थोडं सविस्तर.

"मी नाही येणार" हे वाक्य चौदा ते सतरा या वयात कधीतरी येतंच. ते २४ तारखेला रात्री नऊ वाजता, तुम्ही साडी नेसून दारात उभ्या असताना आलं तर भांडणच होणार. म्हणून तो विषय डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढा, शांतपणे, आणि येण्यासाठी त्याला काही कारण द्या. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, वाचक लागतात, गायकवृंद लागतो, वेदीसेवक लागतात, खुर्च्या लावायला आणि गाड्या लावून घ्यायला तरुण मुलं लागतात. फादरांना किंवा युवकांच्या प्रमुखांना आधीच भेटा. बाकावर बसून राहायला नकार देणारा मुलगा ध्वनियंत्रणेच्या वायरी ओढायला आनंदाने दोन तास आधी जातो.

थोरलीला सोळाव्या वर्षी पहिलं वाचन मिळालं. रात्रीच्या मिस्साला बायबलमधल्या यशयाच्या नवव्या अध्यायातला उतारा असतो, अंधारात चालणाऱ्या लोकांना प्रकाश दिसला तो. ती आठवडाभर गच्चीवर जाऊन वाचायची. "मिद्यान" या शब्दावर दर वेळी अडखळायची. मी तिला दुरुस्त केलं नाही, तिच्या आजीने केलं. त्या रात्री पटांगणात इतकी माणसं, थंडी, तिच्या हातातला कागद जरा थरथरत होता, आणि "मिद्यान" आला तशी ती क्षणभर थांबली, श्वास घेतला आणि स्वच्छ म्हणून गेली. माझ्या शेजारी बसलेल्या धाकट्याने माझा हात धरला. तेरा वर्षांच्या मुलाने सगळ्यांसमोर आईचा हात धरणं ही काय गोष्ट आहे हे ज्यांच्या घरी त्या वयाची मुलं आहेत त्यांना सांगायला नको.

आणि तरीही एखादं पोर नाहीच म्हणालं तर? ओढून नेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळचा मिस्सा असतो, त्याला ये म्हणून सांगा. तोही नको म्हणाला तर घरी आजीजवळ थांबायची जबाबदारी द्या, आणि आपण परत आल्यावर गव्हाणीत बाळ ठेवायला त्यालाच बोलवा. श्रद्धा दंडाला धरून देता येत नाही, असं माझं मत आहे. माझ्या आईचं मत वेगळं होतं.

वेळेचं आधी विचारून घ्या. नाव मध्यरात्रीचा मिस्सा असलं तरी उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे बऱ्याच ठिकाणी तो आधीच सुरू होतो. मिस्सात मिळणाऱ्या ख्रिस्तप्रसादाआधी तासाभराचा उपवास असतो, तेव्हा आठच्या सुमाराला मुलांना काहीतरी पोटभर द्या. उपाशी किशोरवयीन मुलाकडून भक्तीची अपेक्षा करू नये. पापनिवेदनाची रांग शेवटच्या दिवशी प्रचंड असते, आदल्या आठवड्यातच जाऊन या, आणि तिथे काय बोललात हे चुकूनही विचारू नका.

मिस्साहून आल्यावर लगेच झोपायला पाठवू नका. कॉफी ठेवा, केक कापा. रात्री एक वाजता स्वयंपाकघरात ही मुलं जी खुलतात तशी एरवी वर्षभर खुलत नाहीत.

पैसे आणि भेटवस्तू

मुलं लहान असताना आपण निवडायचो, आता आपली निवड त्यांना आवडत नाही. आमच्याकडे चिठ्ठ्या काढतो: घरातल्या प्रत्येकाला एकाचं नाव, प्रत्येकाला सारखे ५०० रुपये, त्यातच भागवायचं. आजीचं नाव निघालं की मुलं खरी विचारात पडतात. एका वर्षी धाकट्याने आजीला दहा सुयांचं पाकीट दिलं, दहा रंगांचे दोरे आधीच ओवून, कारण तिला आता सुईचं नाक दिसत नाही. ५०० पैकी ४० रुपये खर्च झाले होते.

मित्र, रात्र आणि ३१ तारीख

२५ ला संध्याकाळी मुलं मित्रांकडे जाणारच. जाऊ द्या, पण दुपारचं जेवण घरचं, सगळ्यांबरोबर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मोठ्यांचेही. उलट, मित्रांना आपल्याकडे बोलवायला सांगा. ओटीवर दोन बाकडी टाका, फुगे आणि मांसाचा मसालेदार इंदियाल पुढे ठेवा आणि आत निघून जा.

दोन बाबतींत माझ्याकडे सवलत नाही. एक, गाडी. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवली तर २०१९ पासूनच्या कायद्याने पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाचं राहू द्या, नाताळच्या रात्री एका स्कूटरवर तिघं जाताना मी पाहिले आहेत आणि माझ्या पोटात गोळा येतो. कितीही वाजले तरी न्यायला आम्ही येऊ, ओरडणार नाही, हे आधीच सांगून ठेवा आणि तसंच वागा. दुसरं, दारू. घरच्या द्राक्षाच्या वाइनचा घोट मुलांना द्यायची पद्धत कित्येक घरांत आहे. महाराष्ट्रात बियर-वाइनसाठीसुद्धा वयाची अट २१ ची आहे. आमच्याकडे मुलांच्या पेल्यात कोकमाचं सरबत असतं, आणि त्याच चांगल्या काचेच्या पेल्यात.

३१ च्या रात्री म्हातारा, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायचा असेल तर कपडे-पेंढा गोळा करणं मुलांचं काम, पण आत फटाके भरायचे नाहीत आणि पाण्याची बादली जवळ हवी.

नाताळ २५ ला संपवू नका

२५ नंतरच्या रविवारी (२५ लाच रविवार असेल तर ३० ला) पवित्र कुटुंबाचा सण येतो. त्या संध्याकाळी आम्ही लूकच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचतो. येशू बारा वर्षांचा, यरुशलेमेत मागे राहिलेला. मरिया आणि योसेफ तीन दिवस त्याला शोधताहेत. सापडल्यावर आई विचारते, असं का केलंस, आणि मुलाचं उत्तर आईबापांना कळत नाही. कळलं नाही, असं शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलं आहे. ते वाचलं की घरात कोणी काही बोलत नाही, पण थोरली माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे.

गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत ठेवतो. राजे सुरुवातीला टीव्हीच्या कपाटावर असतात, आणि धाकटा त्यांना रोज वीतभर पुढे सरकवतो. ६ तारखेला ते पोचतात. मग आवराआवर: मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, कंदिलाचा दिवा काढून वेगळा, नाचणीचं गवत मागच्या घरच्या बकरीला. खोक्यावर नाव आणि साल मुलांनीच लिहायचं, आणि पुढच्या वर्षी गोठा कोणाचा, तेही तिथेच लिहून ठेवायचं.